चौथी 'ब'च्या खुर्चीवरचा रुमाल

डिंडोली, सुरत
श्रावणातला शुक्रवार, सकाळ

तीर्थस्वरूप भागीरथीवहिनींस,

अनुसयेचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली वाकणं फक्त कागदावरच जमतं, पण आशीर्वाद मात्र पुरता द्यावा.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता सगळं लख्ख दिसतंय, असं तुमच्या संदीपने कळवलं. म्हणजे दादा दाढी कशी करतात तेही दिसलं असेल. धीराने घ्या. त्यांना नमस्कार सांगा, आणि खोकल्यावर ज्येष्ठमध चघळतात, बिडी नाही, हेही सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा, म्हणजे राग माझ्यावर निघेल आणि मी लांब आहे.

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुमच्या मनात आलंच असेल. वहिनी, तुम्ही फोन उचलता आणि लगेच स्पीकरवर टाकता. मी बोलते तुमच्याशी आणि ऐकतात दादा, संदीप, संदीपची बायको, आणि मागच्या खेपेला तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा. (त्याने माझ्या पित्तावर उपाय सांगितला. उपाय लागू पडला, पण तो मुद्दा वेगळा.) मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि आपण मधून बाजूला व्हायचं, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम मी पाळला. बहुतेक वेळा पाळला. तेव्हा माझं बोलणं आख्ख्या अमरावतीने ऐकावं हे मला पटत नाही. आमच्या समोरचे कुंदनभाऊ आज रात्रीच्या गाडीने तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. ते फोडून वाचतील ही भीती नाही. त्यांना लग्नपत्रिकासुद्धा बायको वाचून दाखवते.

आता बसून घ्या. बसलात? मी सध्या शाळेत शिकवते आहे.

हसा. माझ्या निवृत्तीच्या समारंभात तुम्ही भर पंगतीत काय म्हणाला होतात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आमच्या ताई काहीही करतील हो, पण पोरं त्यांना झेपायची नाहीत." तुम्ही पडलात जन्माच्या मास्तरीणबाई, तुमचं म्हणणं सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं आणि मीही वाटीतलं श्रीखंड संपवलं. उत्तर द्यायला उशीर झाला, पण देते आहे: झेपतात. मोठी माणसं झेपत नाहीत.

माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी पल्लवी तुम्हाला आठवत असेल. दिवाळीत तुमची कंबर धरली होती तेव्हा रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन आली होती ती, लातूरकडची. तिचे वडील इथे बांधकामावर होते. ते थकून गावी परतले आणि ही शाळेच्या आशेवर मागे राहिली. आमच्या इथल्या मराठी शाळेत ती बदली शिक्षिका आहे. बदली शिक्षिका म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसणार, कारण तुम्ही पहिल्याच वर्षी कायम झालात आणि त्याच खुर्चीतून निवृत्त झालात. कोणाचं बाळंतपण, कोणाची कावीळ, कोणाच्या भाच्याचं लग्न, की पल्लवी हजर. तिने प्रत्येक पुस्तकाचा फक्त मधला भाग शिकवलाय. धड्याची सुरुवात बाई करून गेलेल्या असतात आणि शेवटाला परत येतात. भागाकार डोक्यात शिरायला लागून पोरांचे चेहरे उजळायच्या सुमाराला हिला दुसऱ्या वर्गात पाठवतात. स्टाफरूममध्ये तिला खुर्ची मिळते, पण त्या दिवशी जो गैरहजर असेल त्याची. बाकीच्यांच्या कपांवर नावं आहेत, ही चहा स्टीलच्या पेल्यातून पिते आणि पेला घरी घेऊन येते.

या जूनमध्ये पहिल्यांदाच तिला चौथी 'ब' शाळा उघडल्यापासून मिळाली. ट्रस्टचे अध्यक्ष मगनभाई (यांचा पलसाण्याला कापड रंगवायचा कारखाना आहे, आणि शाळाही ते कारखान्यासारखीच चालवतात, माल निघाला की झालं) तिला म्हणाले, "दिवाळी तक देखते हैं, बेन." दिवाळीला जागा पक्की झाली तर ठीक, नाहीतर गावी परत ये, असं तिच्या वडिलांनीही सांगून टाकलेलं. वहिनी, त्या पोरीने जूनमध्ये वर्गाच्या भिंतीला काय केलं सांगू? खिळा ठोकला. स्वतःची पर्स अडकवायला. बदलीची बाई खिळा ठोकत नाही, ती पर्स मांडीवर घेऊन शिकवते. मला तिने घरी येऊन सांगितलं, "मावशी, आज खिळा ठोकला," तर मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पुढे बराच वेळ गेला.

आणि आषाढात ती माझ्या जिन्यावरून घसरली. जिना माझा, शेवाळ पावसाचं, पाय तिचा. पायाला प्लास्टर. शाळेने तिच्या जागी दुसरी बदली आणली तर ती तिथेच चिकटेल, हे तिला आणि मला, दोघींनाही कळत होतं. ती प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून मला म्हणाली, "मावशी, माझी जागा धरून ठेवाल?" आपण एसटीत खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतो ना, तसा मी तिचा रुमाल. रुमालाने बसायचं नसतं, नुसतं पडून राहायचं असतं. एवढंच माझं काम होतं आणि ते मी लेखी कबूल करते.

मुख्याध्यापक रामदास सर सज्जन आहेत. त्यांनी भीतभीत विचारलं, बाई, तुमचं शिक्षण? मी त्यांना कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टांनी घासूनपुसून दिलेल्या इंग्रजीत उत्तर दिलं. ते तेव्हापासून माझ्याशी मराठीतसुद्धा बेताने बोलतात.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले. पोरं उठून उभी राहिली, एका सुरात नमस्ते झालं, आणि पहिल्या बाकावरच्या धनश्री नावाच्या पोरीने अगदी सहज विचारलं, "बाई, तुम्ही किती दिवसांच्या?" उद्धटपणा नव्हता हो त्यात. आपण दूधवाल्याला विचारतो तसं विचारलं, ताजं आहे की कालचं. मी म्हटलं, तुमच्या पल्लवीबाई बऱ्या होईपर्यंत. तर मागून एक आवाज आला, "म्हणजे गेल्या." या पोरांनी इतक्या बाया येताना-जाताना पाहिल्यात की नवीन बाईचं नाव विचारायच्या भानगडीत ती पडत नाहीत. पाऊस आला तर छत्री उघडायची, गेला तर मिटायची, तसं त्यांचं आहे. मला सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. आम्ही त्यांना सात वर्षं शिव्या घातल्या, पण उद्या त्या नसतील असं कधी कोणाच्या मनात आलं नाही. शिव्या घालायलासुद्धा समोरचं माणूस टिकावं लागतं.

बाकी पोरं छान आहेत. बहुतेक सगळी खानदेशातली, बाप यंत्रमागावर किंवा रंगाच्या कारखान्यात. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, मोबाईलवर हिंदी आणि फक्त माझ्यासमोर मराठी, तीही माझी कीव आल्यासारखी. माझ्याविषयी काही बोलायचं असलं की गुजरातीत बोलतात. मी इतकी वर्षं सुरतेत गुजराती शिव्यांचे ट्रंक कॉल जोडलेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही. त्यातून बरंच कळतं. (मला 'डोशी' म्हणतात. म्हणजे म्हातारी. पण परवा एकजण म्हणाला की डोशी गणित बरं शिकवते, तेव्हा मी ते पोटात घातलं.) संध्याकाळी घरी आले की पल्लवी जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय लांब करून बसलेली असते. कोण आलं नाही, कोणी डबा खाल्ला नाही, कोणाच्या कानाला कापूस होता, एकेकाची चौकशी. मी तिला कंटाळून म्हटलंही, बाई गं, पोरांचं नीट चाललंय, तुझंच चाललेलं नाही. त्यावर ती हसली, पण पुढचं नाव विचारायची थांबली नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येते. इथली खानदेशी माणसं श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. तुम्हाआम्हा वऱ्हाडातल्या माणसांना हे नवीन, मलाही सगळं कळलं ते नंतर, म्हणजे उशिराच. देवीचा रोट असतो. घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, ते दळून त्याचा नैवेद्य करायचा, आणि तो फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. पौर्णिमेच्या आत संपवायचा. घराघरांची रीत थोडी वेगळी असते, पण परक्या कुळाच्या तोंडी त्याचा कण जाऊ द्यायचा नाही, याबद्दल सगळे ठाम. इतके ठाम की रोटाची भांडी धुतलेलं पाणीही काहीजण इकडेतिकडे टाकत नाहीत.

मंगळवारी मधल्या सुट्टीत धनश्री दप्तराच्या आड तोंड खुपसून काहीतरी खात होती. (घरी सांगून आणलेलं नव्हतं. गोडाची आवड आणि संपवायची घाई, दोन्ही एकाच पोटात.) आमच्या कॉन्व्हेंटात नियम होता, डबा उघडलात तर बाकावर मधोमध ठेवा, नाहीतर उघडूच नका. मी म्हटलं, काय आहे ते? ती म्हणाली, "बाई, हे वाटायचं नसतं." झालं! वाटायचं नसतं! मी तिला तिथल्या तिथे स्वार्थ आणि माणुसकी या विषयावर असं काही व्याख्यान दिलं की सिस्टर बेनेडिक्टा थडग्यातून उठून टाळ्या वाजवतील. मग ती जाड गोड पुरी घेतली, पट्टीने तिचे बारके बारके तुकडे पाडले, वर्गभर वाटले आणि उदाहरण घालून द्यायचं म्हणून पहिला तुकडा मीच तोंडात टाकला. धनश्री रडायला लागली. मी म्हटलं, रडून घे, उद्या आभार मानशील. आणि तेवढ्यात मागचा तो आवाज (हा पोरगा मोठेपणी वकील होणार) आनंदाने ओरडला, "बाई, आता आपण सगळे भाऊबंद!"

एक पोर मला सांगत होती आणि मी ऐकलं नाही, एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं तपशिलात गेलं.

बुधवारी धनश्रीच्या आई शोभाबाई आल्या. एकट्या नव्हे, गल्ली घेऊन. रामदास सर तांदळाच्या कोठीत साठा तपासायला गेले ते आलेच नाहीत. शोभाबाई दारातूनच कडाडल्या, "हाई काय कयं बाई तुम्ही! आते यासना लगीन कोनासंगे लावानं?" माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. रोट खाल्ला तो भाऊबंद. भाऊबंदांत लग्न होत नाही. म्हणजे मी एका पट्टीने आख्ख्या चौथी 'ब'च्या सोयरिकी मोडल्या होत्या. दुसरी एकजण म्हणत होती की तिच्या भावाच्या मुलाशी तिच्या नणंदेच्या मुलीचं जवळजवळ ठरलेलं आहे. दोघंही माझ्या वर्गात आहेत आणि अजून एकमेकांच्या पेन्सिली पळवतात. मी काही बोलायला गेले की त्या सगळ्या एकदम बोलत. वहिनी, एक्सचेंजमध्ये सगळ्या लाइनी एकदम पेटाव्यात तसं झालं होतं, आणि यातली एकही लाइन मला कोणाला जोडून देता येत नव्हती. आणि सगळ्या गोंधळात मला दिसत होता तो भिंतीवरचा खिळा. पल्लवीच्या नावावर मी ही तक्रार चढवून ठेवली होती.

शेवटी त्यांच्या कुळातले सगळ्यांत मोठे, भाईदास आबा, यांना बोलावून आणलं. धनश्रीच्या बापाचे, सुकलालचे, चुलते. ते चौथीच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला टेकलेले, काठी दोन्ही हातांत. मला विचारलं, बाई, तुम्ही स्वतः खाल्ला? मी म्हटलं, खाल्ला. कसा होता? आता बाहेर गल्ली उभी, पोरीची नोकरी टांगलेली, अशा वेळी शहाणी बाई म्हणाली असती, अमृत. मी म्हटलं, "तूप कमी होतं."

शोभाबाईंचा चेहरा लाल. आणि मग भाईदास आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "झालं मग. परकं माणूस कुठं असं बोलतं? ही घरचीच." आणि निकाल दिला. पोरं देवाघरची, पोरांना काही लागत नाही, त्यांच्या सोयरिकी जागच्या जागी. मोठ्या माणसाला मात्र लागतं. तेव्हा आजपासून बाई आपल्या घरातली लेक आणि सगळ्या पोरांची आत्या. त्यावर हा सुकलाल गंभीर तोंडाने म्हणतो, "आबा, लेक बिनलग्नाची दिसते. म्हणजे आता तेही आपल्यालाच बघावं लागणार." बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. शोभाबाईसुद्धा. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, वहिनी, माझ्यासाठी सुरतेत स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. दादांना सांगा, तुम्हाला जमलं नाही, तर लोकांनी मनावर घेतलं.

इथे प्रकरण संपलं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. काल, गुरुवारी, भाईदास आबा आणि सुकलाल दहा-बारा माणसं टेम्पोत घालून पलसाण्याला मगनभाईंच्या कारखान्यात गेले. मागावर सुकलालही कित्येक वर्षं बदलीच होता. रोज फाटकाशी उभं राहायचं, कोणी आलं नाही तर आत, आलं तर घरी. बदलीचं दुःख त्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून त्यांनी अध्यक्षांना बजावलं की आमच्या पोरांना सारख्या नव्या बाया नकोत, चौथी 'ब'च्या बाईंना कायम करा, नाहीतर पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्या शाळेत. मगनभाई दुसऱ्या शाळेचं नाव ऐकताच सरळ होतात. ते लगेच कबूल झाले.

पण बाई म्हणजे कोण? वहिनी, बाई म्हणजे मी.

पल्लवीचं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी सुकलालला फोनवर फैलावर घेतलं, अरे बाबा, वर्ग तिचा आहे, मी नुसती जागा धरून बसले आहे! तो शांतपणे म्हणाला, "आत्या, ती तरुण आहे, तिला कुठंही लागेल. तुमचं कोण आहे?" मी लाइन कापली.

संध्याकाळी मगनभाईंनी मला बोलावून घेतलं. खाली रंगाची वाफ, वर एसीत गणपती आणि ते. म्हणाले, बेन, तुमच्यासारखं इंग्लिश आमच्या इंग्लिश मीडियममध्येसुद्धा नाही. चौथी 'ब' तुमची, जोवर हवी तोवर. पल्लवीबेनला पुढे कुठे गरज लागेल तेव्हा बोलावू. "ना नहीं पाडता," म्हणजे नाही म्हणू नका, आणि सोमवारी सांगा. आता मी नाही म्हणण्यासाठी प्रसिद्ध आहे. तीन साहेबांना, दोन स्थळांना आणि एका पदोन्नतीला मी तोंडावर नाही म्हटलेलं आहे. काल मी म्हटलं, "विचार करून सांगते."

ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचा मी रात्रीपासून विचार करते आहे. आयुष्यभर दोन माणसांच्या मध्ये बसले, त्यांचं बोलणं जुळलं की माझी वायर काढून घेतली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, ते कामच तसं होतं. पण या वर्गात मी शिरते तेव्हा काही डोकी वर होतात, आणि ती माझ्यामागून येणाऱ्या कोणासाठी नसतात. परवा धनश्रीने (आभार मानले नाहीत, पण वैरही धरलं नाही) माझं नाव विचारलं. तुम्ही किती दिवसांच्या असं नाही, नाव. मी सांगितलं. मागचा वकील म्हणाला, लांब आहे, आत्याबाई चालेल. आणि काल सकाळी वर्गात गेले तर पर्स मी मांडीवर घेतली नाही हो. खिळ्याला अडकवली. सवयीने हात गेला. ही सवय मला कधी लागली?

पल्लवीला यातलं काही ठाऊक नाही. काल रात्री तिने आनंदाने सांगितलं की प्लास्टर मंगळवारी निघणार आणि बुधवारपासून ती शाळेत. "मावशी, तुम्ही होतात म्हणून माझा वर्ग राहिला," असं म्हणून तिने मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी चांगली होती. मी सगळी खाल्ली आणि वाटी धुऊन परत दिली. रुमालाला खुर्ची विचारते आहे, बसतोस का, आणि रुमाल म्हणतोय, विचार करून सांगतो. तुम्ही मास्तरीण आहात, अशा रुमालाचं काय करतात?

शाळेची वेळ होत आली. डोळ्यांत औषध वेळेवर घाला आणि तिखट कमी करा. संदीपला व त्याच्या बायकोला आशीर्वाद.

तुमची,
अनुसया

ता. क. वरचं सगळं वाचून तुमचं मत मागते आहे असं तुम्हाला वाटेल. मत नको. मला ठाऊक आहे काय करायला हवं. मला हुकूम हवा आहे. रविवारी संध्याकाळी फोन करा. पल्लवी तेव्हा खाली माझ्याकडे चहाला असते. तुम्ही तुमचा फोन स्पीकरवर टाका, मी माझा टाकते. आणि तुमच्या त्या शाळेतल्या आवाजात सांगा, "अनुसया, त्या पोरीचा वर्ग तिला परत दे." दादा, संदीप, गॅसवाला, सगळ्यांना ऐकू द्या. एकदा तिच्या कानावर गेलं की मला मागे फिरता येणार नाही. फोन नाही आला तर मी असं धरेन की रेंज नव्हती, आणि मग सोमवारी माझ्याकडून काय होईल ते मला सांगता येत नाही.

ता. क. दुसरा, संध्याकाळ. कुंदनभाऊ बॅग भरताहेत तोवर पाकीट पुन्हा उघडलं. शाळा सुटल्यावर पाय आपोआप शोभाबाईंच्या घरी वळले. त्यांना म्हटलं, मी घरातली ना? मग रोटातली माझी वाटणी द्या, मंगळवारी फक्त तुकडा खाल्ला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग डब्यातली शेवटची पुरी काढली, तिच्यावर चमचाभर तूप घातलं, थांबल्या, अजून एक चमचा घातलं. वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "घरी घेऊन जा. आपल्याच माणसाच्या घरी नेलं तर बाहेर गेलं असं होत नाही." आणि मी पायरी उतरताना मागून, "पायाला प्लास्टर आहे म्हणे तिच्या. जिना नीट धुवत जा, आत्या." म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मला या बायकांचा फार राग येतो.

पल्लवी पायरीवर होती. मी वाटी पुढे केली. मावशी, हे काय? म्हटलं, काही विचारू नकोस, खा. ती लातूरची, तिला रोटाचं काय ठाऊक! तिने पूर्ण संपवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "छान आहे, पण तूप जरा जास्त झालंय." मी ते तसंच्या तसं शोभाबाईंना फोनवर कळवलं. त्यांनी ते भाईदास आबांना कळवलं. आबा हसताना मला इथवर ऐकू आले. उद्या टेम्पो पुन्हा पलसाण्याला चालला आहे, घरातल्या धाकट्या लेकीसाठी. मगनभाईंना मी आत्ताच फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, बेन, रिस्पेक्ट है. मी म्हटलं, तो पल्लवीबेनच्या ऑर्डरवर सही करून दाखवा.

पर्स उद्या खिळ्यावरून काढायची आहे. सोमवारी आणि मंगळवारी मांडीवर घेऊन शिकवेन. जमेल.

ता. क. तिसरा. रविवारी फोन तरीही करा. सही होईपर्यंत माझा भरवसा नाही. आणि दुसरी 'अ'च्या रंजनाबाईंना सातवा लागला आहे, असं शोभाबाईंकडून कळलं. मी आपलं नुसतं कळवते आहे.